शेवंताचा सकाळचा चेहरा

माणूस टेबलावर आला की आधी त्याच्या चेहऱ्यावर फडकं टाकायचं, हे मला करीमचाचानं पहिल्याच दिवशी शिकवलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पीएमच्या, म्हणजे मेलेल्यांना कापून तपासायच्या, कामाला नुकताच लागलो होतो. चाचा तिथला जुना माणूस. तो म्हणाला, "छातीकडं बघ, पोटाकडं बघ. डोकं उघडायचं तर मागून उघड. तोंडाकडं बघितलंस तर घास उतरणार नाही, लिंबाजी."

दुसरी गोष्ट त्यानं शिकवली नाही. ती आपोआप आली. मेलेल्याचे नातेवाईक नवं कापड, साबण, अगरबत्ती आणत आणि त्याच पिशवीत दारूची एक बाटली असे. कुणाला मागावी लागत नसे. हवालदारच बाहेर त्यांना सांगून ठेवी. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहायचे आणि बोलतील ते आम्ही आत करायचो. पहिल्या महिन्यात मी बाटलीला हात लावला नाही आणि रोज उलट्या करत घरी गेलो. दुसऱ्या महिन्यात उलट्या थांबल्या.

दारू पिणाऱ्याचा मेंदू मला हातात घेताच ओळखू यायचा. धडधाकट माणसाचा मेंदू ताज्या खव्यासारखा असतो, भरलेला, मऊ. पिणाऱ्याचा जुन्या अक्रोडासारखा. वळ्यांच्या मधल्या फटी रुंद झालेल्या, पुढचा भाग बसलेला. काट्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम कमी भरायचा. मी डॉक्टरांना आधीच सांगायचो, "साहेब, हा आपल्यातला आहे." ते हसायचे. तसाच एक अक्रोड माझ्या कवटीत वाळत पडलाय, हे तेहेतीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

आता मेलेल्याला कुणी कापत नाही. बोगद्यासारख्या यंत्रात घालतात, आतलं सगळं पडद्यावर दिसतं, आणि माणूस जसा आला तसा अखंड घरी जातो. आमची सुरी, करवत, काटा कपाटात गेला आणि पाठोपाठ मीही. मग बसून प्यायलो. चौदा महिन्यांपूर्वी तोंडातून रक्त आलं. दोन आठवडे दवाखान्यात काढले. त्या दिवसापासून थेंब घेतलेला नाही.

लोक म्हणतात, दारू सुटली की माणूस परत येतो. माझं तसं झालं नाही. हात थरथरायचे थांबले, भूक लागू लागली, पण आत काही हलेना. शेजारच्या घरी लग्न झालं, मी जेवून आलो. चुलतभाऊ वारला, मी माती देऊन आलो. दोन्हीकडून येताना सारखंच वाटत होतं, म्हणजे काहीच वाटत नव्हतं. माझी बायको शेवंता जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मी तिच्यासाठी एकदाही रडलो नव्हतो. तिच्यानंतर माझी मुलगी प्रज्ञा माझ्याशी बोलायची बंद झाली होती. मला मरायच्या आधी एकदा रडायचं होतं, आणि प्रज्ञानं माझ्याशी बोलावं असं वाटत होतं. वाटत होतं म्हणजे, तसं वाटायला पाहिजे हे मला कळत होतं.

म्हणून मी जिल्ह्याच्या मेंदू केंद्रात गेलो.

डॉ. तन्वी हिवाळे तिथं नवी उपचारपद्धत तपासून पाहत होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं आणि एकामागून एक साठ चेहरे दाखवले. कुठला चेहरा रागाचा, कुठला भीतीचा, दुःखाचा, किळसेचा, आनंदाचा, ते सांगायचं.

शेवटी त्या म्हणाल्या, "खरात काका, साठातले चौतीस जण तुम्हाला रागावलेले दिसले."

"असतील रागावलेले."

"दहाच होते."

"मॅडम, माझी नोकरी पोलीस आणि डॉक्टर यांच्या मधे झाली. तिथं साठातले पन्नास असतात."

त्या हसल्या असाव्यात. दात दिसले म्हणून म्हणतो.

मग त्यांनी माझ्या मेंदूचं चित्र लावलं. मी बघत राहिलो. फटी रुंद, पुढचा भाग बसलेला. हातात न घेताही वजन सांगितलं असतं.

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूच्या खोल भागात दोन्ही बाजूंना बदामाएवढी एकेक गाठ असते. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं की ही गाठ आधी जागी होते. तिथून बारीक तारा कपाळामागच्या भागाकडे जातात आणि तो भाग ठरवतो, हे काय आहे, आपण काय करायचं. वर्षानुवर्षं दारू पडत राहिली की या तारांवरचं वेष्टण झिजतं. गाठ जागी होते, पण निरोप अर्धाच पोचतो. मग मेंदू अंदाज करतो, आणि पिणाऱ्याचा अंदाज बहुतेक वेळा एकच असतो, की समोरचा आपल्यावर चिडलाय. दुःख त्याला राग वाटतं. भीती त्याला राग वाटते. आवाजाचंही तसंच. काळजीनं विचारलं तरी दरडावल्यासारखं ऐकू येतं.

"म्हणून घराघरांत भांडणं असतात," डॉ. हिवाळे म्हणाल्या. "बायको घाबरलेली असते आणि नवऱ्याला वाटतं ती अंगावर येते आहे. दारू सोडली की तारा थोड्या सुधारतात. तुमच्याइतकी वर्षं गेली असतील तर पुरेशा नाही."

उपचार दोन होते. एक, नाकात सोडायचं औषध. त्यानं झिजलेलं वेष्टण पुन्हा चढू लागतं. दुसरी, एक टोपी, तारा आणि चकत्या बसवलेली, कानांवरून खाली येणारी. तिथले सगळे तिला टोपरं म्हणत. समोर एक माणूस बसवायचा. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर असतो. त्याच्या चेहऱ्यावर खरी भावना उमटली की त्याच क्षणी टोपरं आपल्या त्या बदामाला चुंबकाची बारीक टोचणी देतं, म्हणजे चेहरा आणि भावना पुन्हा एकमेकांना बांधल्या जातात. बैठक वीस मिनिटांची. अशा पंधरा बैठका.

"मात्र समोर तुमचं माणूस लागतं," त्या म्हणाल्या. "परक्या चेहऱ्यावर तार जुळते, पण टिकत नाही. ज्याच्यासाठी हा मेंदू कधीतरी घाबरलाय, हसलाय, असं कुणीतरी पाहिजे. कोण आहे?"

मी म्हणालो, "मुलगी आहे. पण ती येणार नाही."

"विचारून बघितलं?"

"नाही."

मी अकरा वर्षांत तिला फोन केला नव्हता. त्याचं कारण सांगतो.

शेवंता संध्याकाळी पाचच्या सुमाराला बसस्थानकावर कोसळली आणि तिथंच गेली. अचानक मृत्यू म्हणून पोलिसांनी पीएमला पाठवली. सकाळी डॉक्टर म्हणाले, "लिंबाजी, तू घरी जा. जिल्ह्याहून दुसरा माणूस मागवतो, दुपारपर्यंत येईल." मी म्हणालो, "परक्याचा हात कशाला? मी करतो." त्यांनी दोनदा विचारलं. मी पाव बाटली घेतली, तिच्या चेहऱ्यावर फडकं टाकलं आणि काम केलं. हृदय काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं, लिहून घेतलं. मी टाके घातले, हात धुतले आणि बाहेर आलो. दारात प्रज्ञा उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, कुणी नाल्यातल्या घाणीकडं बघावं. किळस. मी तिच्या बाजूनं निघून गेलो ते गुत्त्यावर. शेवंताला मी उचलायलाही नव्हतो. त्यानंतर प्रज्ञा आली नाही आणि मी बोलावलं नाही. ज्याला आपली किळस येते त्याच्या दारात कशाला जायचं, असा माझा हिशेब.

फोन डॉ. हिवाळेंनीच लावला. प्रज्ञा सौरऊर्जेच्या मोठ्या प्रकल्पावर तपासणीची मुकादम आहे, इथून दोन तासांवर. बराच वेळ तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येते. पण मला त्यांना एक विचारायचंय. समोरासमोर."

ती आली तेव्हा मी ओळखलं नाही. केसांत पांढरं दिसत होतं. शेवंताची उंची, शेवंताचेच खांदे. ती समोरच्या खुर्चीवर बसली. हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"अण्णा, टोपरं मस्त दिसतं तुम्हाला," ती म्हणाली. "पाळण्यात घालायचं राहिलंय."

मी म्हणालो, "जेवलीस का?"

"अकरा वर्षं झाली. मधे जेवले दोन-चार वेळा." मग ती पुढं वाकली. "मला एवढंच सांगा. त्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर निघालात तेव्हा आई काही म्हणाली का? मी हॉस्टेलवर होते. मला तिचा शेवटचा दिवस कुणीच सांगत नाही. संध्याकाळी बसस्थानकावर कोसळली, एवढंच. तिला आधी काही होत होतं का?"

हे मला नीट आठवत होतं. अकरा वर्षं रोज आठवत होतो. "नेहमीसारखी रागावली होती," मी म्हणालो. "दारात वाट अडवून उभी राहिली. चौकटीला हात लावून. म्हणाली, आज जाऊ नका. मी म्हणालो, बाजूला हो. आणि गेलो."

"एवढंच?"

"एवढंच."

ती खुर्चीला टेकली. "म्हणजे भांडण काढण्याइतकी धड होती," ती म्हणाली. "मग बरंय. दुखून नाही गेली. पटकन गेली. मी इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलेय." आणि तिनं पिशवी खाली ठेवली.

पहिल्या पाच बैठकांत काही झालं नाही. नाकात औषध, डोक्यावर टोपरं, समोर प्रज्ञा. तिनं नाटक करायचं नव्हतं. मनात एखादी खरी गोष्ट आणायची आणि चेहऱ्याला मोकळं सोडायचं. मला दर वेळी एक रागावलेली बाई दिसायची. बैठक संपली की आम्ही केंद्राच्या कँटीनमध्ये चहा घ्यायचो आणि ती दोन तासांची बस पकडून परत जायची.

सहाव्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "साखर कमी आहे का?" मला एकदम कळलं की ती दमलेली आहे. शब्द साखरेचेच होते. दमणूक आवाजात होती. मी कप खाली ठेवला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तू दमलीस."

"रोज चार तास बसमध्ये काढते अण्णा. हे ओळखायला यंत्र लागलं?"

"लागलं," मी म्हणालो.

ती हसली. आणि या वेळी मला दात दिसायच्या आधी हसू दिसलं.

त्यानंतर रस्त्यावरून चालणं अवघड झालं. सगळे चेहरे बोलू लागले. बसच्या दारात एक म्हातारा पडला आणि लोक त्याला उचलायच्या आधीच माझ्या छातीत काहीतरी आवळलं. भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी भांडत होती आणि ती मुळीच चिडलेली नव्हती, लाजली होती. मी पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. माणसं एवढं सगळं तोंडावर घेऊन हिंडतात, आणि मी तेहेतीस वर्षं त्यावर फडकं टाकून बसलो होतो.

अकराव्या बैठकीत प्रज्ञाच्या मनात काय आलं मला माहीत नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलला. डोळे मोठे झाले, भुवया मधून वर चढल्या, ओठ ताणले गेले. आणि नजर माझ्यावरून हलेना. टोपऱ्यानं टोचणी दिली. हा चेहरा मी पाहिलेला होता. पीएमच्या दारात. तोच.

"हे काय आहे?" मी विचारलं. "आता काय आठवलंस?"

"तुम्ही हात धुऊन बाहेर आलात तो दिवस."

"तुला माझी किळस आली होती."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "किळस? अण्णा, मी टॉवेल घेऊन उभी होते. तुमची चप्पल दाराबाहेर राहिली होती, ती पण हातात होती. तुमचे डोळे मेल्यासारखे होते. मला वाटलं, आई गेलीच, आता तुम्ही पण कुठंतरी जाऊन जीव देणार. मी घाबरले होते. मी म्हणत होते घरी चला, घरी चला. आणि तुम्ही माझ्या अंगावरून निघून गेलात."

"मग इतकी वर्षं आली का नाहीस?"

"तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत. मला वाटलं, तुम्हाला मी नकोय."

डॉ. हिवाळेंनी यंत्र बंद केलं आणि त्या बाहेर गेल्या. मी रडलो. पहिल्यांदा आवाजच निघेना. प्रज्ञानं टोपऱ्याचा बंद सोडला. त्या दिवशी ती बसनं गेली नाही. केंद्राच्या धर्मशाळेत माझ्या खोलीत तिनं पिठलं केलं आणि आम्ही एका ताटात जेवलो. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात घरी या. मागची खोली रिकामी आहे." मी हो म्हणालो. आपलं आयुष्य परत मिळतंय असं मला वाटलं. असं वाटणं कसं असतं तेही मला नव्यानंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. प्रज्ञा खाली दूध आणायला गेली होती. आरशात मागचं दार दिसत होतं. त्या दाराच्या चौकटीमुळं असेल, मला शेवंता आठवली, रोज आठवायची तशीच. पिवळ्या काठाचं लुगडं, डावा हात चौकटीला, तोंड माझ्याकडं. आज जाऊ नका.

पण चेहरा तो नव्हता.

डोळे मोठे होते. भुवया मधून वर चढल्या होत्या. ओठ ताणलेले, कोरडे. कपाळावर घाम, आणि तो महिना थंडीचा होता. हा चेहरा मी कालच शिकलो होतो. ती रागावलेली नव्हती. ती वाट अडवून उभी नव्हती. ती चौकटीला धरून उभी होती.

वस्तरा हातातून बेसिनमध्ये पडला.

मी तसाच अर्धी दाढी घेऊन डॉ. हिवाळेंकडं गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"खरात काका, एक गोष्ट समजून घ्या," त्या म्हणाल्या. "आठवण म्हणजे फोटो नव्हे. दर वेळी मेंदू ती नव्यानं रांधतो. काल तुम्ही प्रज्ञाच्या चेहऱ्यावरची भीती शिकलात. तुमचा मेंदू आता तीच भीती जुन्या चेहऱ्यांवर चढवत असेल. असं आम्ही इतरांमध्येही पाहिलंय. त्या सकाळी तुमच्या पत्नी घाबरलेल्या होत्या, याला पुरावा काय? तुम्ही तेव्हा राग पाहिलात, आज भीती पाहता. दोन्हीपैकी खरं कुठलं, हे यंत्र सांगू शकत नाही. स्वतःला शिक्षा करू नका."

त्या मनापासून बोलत होत्या. मला त्यांचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी मला एक दार उघडून दिलं होतं आणि त्यातून निघून जायला काहीच अडचण नव्हती. माझ्याजागी दुसरा कुणी असता तर गेलाही असता.

"मॅडम, पुरावा आहे," मी म्हणालो. "तिचं हृदय मी काढलं. डाव्या बाजूला तळहाताच्या खळग्याएवढा भाग पांढुरका पडला होता, उकडल्यासारखा. झटका येऊन माणूस लगेच गेला तर हृदयावर काही दिसत नाही. डाग पडायला वेळ लागतो. हे मला तेहेतीस वर्षांच्या कामानं माहीत आहे. डॉक्टर साहेब तेव्हा काय म्हणाले तेही मला ऐकू आलं होतं. म्हणाले, लिंबाजी, हे मरणाच्या दहा-बारा तास आधी सुरू झालेलं दिसतंय. ती गेली संध्याकाळी पाचला. मी घरातून निघालो सकाळी सहाला."

डॉ. हिवाळेंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर होता," मी म्हणालो. "मी तिथंच तर चाललो होतो. तिचा हात धरून नेली असती तरी झालं असतं. ती दिवसभर तशीच राहिली आणि शेवटी स्वतःची स्वतः कुठंतरी दाखवायला निघाली, म्हणून बसस्थानकावर होती. मी असलेल्या दवाखान्यात आली नाही. मी सकाळी 'बाजूला हो' म्हणालो होतो."

"हे प्रज्ञाला सांगणार आहात?"

मी उठून बैठकीच्या खोलीकडं निघालो.

त्या दिवशी बारावी बैठक होती. प्रज्ञा आधीच खुर्चीत बसली होती. मांडीवर पिशवी नव्हती. "दूध आणलं तर तुम्ही गायब," ती म्हणाली. "अर्धी दाढी ठेवून कुठं गेलात? नवी फॅशन का?" मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "काय झालं? आईचं काही आठवलं?"

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी या आधी कधी पाहिलं नव्हतं. साठ चित्रांत ते नव्हतं. डोळे किंचित पुढं आलेले, ओठ जरासे उघडे, सगळा चेहरा माझ्याकडं वळलेला. ती आशा होती. आईबद्दल काहीतरी चांगलं, एखादा शब्द, एखादं हसू माझ्याकडून येईल अशी आशा. आंधळा होतो तेव्हा खोटं बोलणं सोपं होतं, कारण ते खोटं आहे हे मलाच माहीत नव्हतं.

मी म्हणू शकलो असतो की नाही, काही नाही. तिच्या घराची मागची खोली रिकामी होती. माझ्याकडं फार वर्षं उरली नाहीत आणि ती मी तिथं काढू शकलो असतो. रोज सकाळी ती चहा देताना मला तिचा चेहरा वाचता आला असता. आणि रोज तिनं मनात म्हटलं असतं, आई दुखून गेली नाही.

पण ती भोळसट नाही. तिनं तेच विचारलं होतं, समोरासमोर, आणि त्यासाठीच ती आली होती. शेवंताचा शेवटचा दिवस माझ्याशिवाय कुणाकडं नव्हता.

मी टोपरं काढून मांडीवर ठेवलं आणि सांगितलं. चौकट, हात, घाम, चेहरा. मग हृदयावरचा डाग, डॉक्टरांचं वाक्य, सकाळचे सहा आणि संध्याकाळचे पाच. जसं अहवालात सांगतात तसंच क्रमानं सांगितलं. मला दुसऱ्या रीतीनं सांगता येत नाही.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "दहा-बारा तास. तुमच्या कानांनी ऐकलंत."

"ऐकलं होतं."

"आणि पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा मला म्हणालात, रागावली होती."

"मला तसंच दिसलं होतं, बाई."

"तिला अकरा तास दुखत होतं." ती हे मला सांगत नव्हती. तिनं ते दोनदा म्हटलं.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. वरचा ओठ एका बाजूनं थोडा उचलला गेला. नाकपुड्या आवळल्या. डोळे माझ्यावर आले आणि थांबू शकले नाहीत, भिंतीकडं गेले, परत आले, परत गेले. पीएमच्या दारातला चेहरा असा नव्हता. त्या चेहऱ्याची नजर माझ्यावरून हलत नव्हती. हा वेगळा होता. अकरा वर्षं जी किळस मी तिच्या तोंडावर आहे असं समजत होतो ती आज पहिल्यांदा खरोखर आली होती, आणि मला दोन्हींतला फरक कळत होता.

तिनं पिशवी शोधली. पिशवी धर्मशाळेतल्या खोलीत राहिली होती. ती तशीच उठली आणि गेली. मी हाक मारली नाही.

दोन दिवस तिचा फोन बंद होता. तिसऱ्या दिवशी डॉ. हिवाळेंनी मला बोलावलं.

"चार बैठका राहिल्यात," त्या म्हणाल्या. "आता थांबलो तर बांधणी पक्की होणार नाही. काही आठवड्यांत हळूहळू पूर्वीसारखं होईल. आणि काका, खरं सांगू का, तुमच्या बाबतीत मी थांबा म्हणेन. हे तुम्हाला सोसणार नाही. आधीच्या दोन रुग्णांना सोसलं नाही."

"त्यांचं काय झालं?"

"एक पुन्हा प्यायला लागला." दुसऱ्याचं त्यांनी सांगितलं नाही.

मी बाहेर आलो. केंद्राच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडं दारूचं दुकान आहे. भर दुपार होती. आता तिथं अंगठा ठेवला की पेटीतून बाटली बाहेर येते, कुणाशी बोलावंही लागत नाही. मी रस्ता ओलांडला. पेटीसमोर उभा राहिलो. मला पक्कं माहीत होतं पुढं काय होईल. पहिल्या घोटाला छाती सैल होईल. आठवड्यात हात थरथरू लागतील. महिन्या-दोन महिन्यांत ती तार पुन्हा झिजेल, आणि एका सकाळी शेवंता आठवेल तेव्हा ती रागावलेली असेल. वाट अडवून उभी असेल. मी पुन्हा निर्दोष होईन.

मी अंगठा ठेवला नाही. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा 'बाजूला हो' म्हणायचं माझ्यानं झालं नाही. एवढंच.

परत आलो तेव्हा डॉ. हिवाळे खोली आवरत होत्या. मी माझ्या खुर्चीवर बसलो. समोरची खुर्ची रिकामी होती.

"मॅडम, समोर माणूस असलाच पाहिजे का? डोळे मिटून आठवलेला चेहरा चालेल का?"

त्या थांबल्या. "कॅमेऱ्याला तो दिसणार नाही. टोचणी मला हातानं द्यावी लागेल, तुम्ही सांगाल तेव्हा. आजवर कुणी केलं नाही. चालेलही." मग त्यांना कळलं. "काका, वीस मिनिटं तो चेहरा बघायचा? आणि असं चारदा?"

"बांधणी पक्की झाली पाहिजे."

"प्रज्ञा परत येईल असं वाटतं का तुम्हाला?"

"ते तिच्या हातात आहे. तिची पिशवी मी सांभाळून ठेवलीय."

त्यांनी नाकात औषध सोडलं. टोपरं चढवलं, बंद बांधला. त्या घाबरल्या होत्या आणि ते मला कळलं.

मी डोळे मिटले. घर दिसलं, चुलीचा धूर, माझी कामाची पिशवी. दार दिसलं. शेवंता चौकटीला धरून उभी होती. घाम, मोठे डोळे. मी मान वळवली नाही. आज जाऊ नका, ती म्हणाली.

"चालू करा," मी म्हणालो.

आणि वीस मिनिटं मी तिथंच उभा राहिलो, तिच्यासमोर.